दाखवायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण आपण माणसाच्या वागणुकीला लावतो. छायाचित्रणाची कला आल्यापासून ती माणसाच्या दातांनाही शब्दशः लागू पडू लागली आहे. तोंडात असलेले दात आणि फोटोत दिसणारे दात या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात नाते आहे, पण ते बिंब-प्रतिबिंबाचे सरळ नाते नव्हे. मूळ कागद आणि घाईत केलेली नक्कल यांच्यात जेवढे अंतर पडते, तेवढे अंतर येथेही पडते.

आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पहिला धडा मिळतो तो संशयाचा. बखर हाती आली की ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, कोणाच्या आज्ञेने लिहिली, हे आधी विचारायचे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून अस्सल कागद आणि मागाहूनची ऐकीव हकिकत यांतला फरक महाराष्ट्राला कळू लागला. पण हीच चिकित्सक मंडळी जुना फोटो समोर आला की मान डोलावतात. फोटो म्हणजे प्रत्यक्ष पुरावा! डोळ्यांनी दिसते आहे, मग शंका कशाला?

आमच्या शाळेत नववीच्या मुलांना स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी घरातले जुने फोटो आणायला सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत असे फोटो अजून पुष्कळ आहेत. रुमाल बांधलेले पणजोबा, नऊवारीतल्या पणजी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे असलेले काका. त्यांखाली मुले आपले निष्कर्ष लिहितात. त्यांत दरवर्षी एक वाक्य हमखास येते : 'पूर्वीच्या लोकांचे दात खराब असत, म्हणून ते फोटोत हसत नसत.' कोणी लिहितो, 'पणजीचे दात किडून काळे झाले होते.' मुलांचा दोष नाही. दिसते ते त्यांनी लिहिले. पण एका फोटोवरून आपण मेलेल्या माणसाच्या तोंडाची, सवयीची आणि रूपाची परीक्षा करून टाकतो, आणि जिवंत माणसाचीही अशीच करतो. म्हणून या साक्षीदाराची उलटतपासणी व्हायला हवी. दातांच्या सौंदर्याबाबत फोटो किती खरे बोलतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

योगायोग असा की छायाचित्रण आणि आधुनिक दंतवैद्यक ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला दाग्येरची छायाचित्रणाची रीत जगजाहीर झाली. त्याच वर्षी अमेरिकेत दंतशास्त्राचे जगातले पहिले नियतकालिक निघाले आणि १८४० मध्ये बाल्टिमोरला पहिले दंतवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. त्याच १८४० साली न्यूयॉर्कमध्ये व्यक्तिचित्रांचा पहिला स्टुडिओ उघडला तो अलेक्झांडर वुलकॉट याने. हा गृहस्थ मूळचा दंतवैद्यांची हत्यारे बनवणारा! छायाचित्रणासाठी अमेरिकेतले पहिले पेटंटही त्यालाच मिळाले. म्हणजे कॅमेऱ्यापुढे बसलेल्या पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकांना दातांच्या धंद्यातला माणूस 'हलू नका' म्हणून बजावत होता.

या साक्षीदाराचा पहिला दोष जन्मजात होता. दाग्येरच्या चकचकीत पत्र्यावर उमटणारे चित्र आरशासारखे उलटे असे : डावे ते उजवे, उजवे ते डावे. पुढे लोखंडी पत्र्यावर स्वस्त फोटो निघू लागले, त्यांतही हाच प्रकार. याने केवढा घोटाळा होतो, त्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या बिली द किड या बंडखोराचे आहे. १८८० च्या सुमारास काढलेल्या त्याच्या पत्र्यावरच्या फोटोत पिस्तूल डाव्या कमरेला दिसते. त्यावरून तो डावखुरा होता अशी आख्यायिका पसरली. १८५८ नव्हे, तब्बल १९५८ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. शेवटी उलगडा केला तो त्याच्या हातातल्या बंदुकीने. त्या जातीच्या बंदुकीत काडतुसे भरायची फट उजव्या अंगाला असते, फोटोत ती डाव्या अंगाला होती. चित्रच उलटे होते! आता विचार करा : अशा फोटोत कोणाचा डावा सुळा वाकडा दिसला, तर तो मुळात उजवा असतो. बंदुकीला भरायची फट होती म्हणून सत्य कळले. चेहऱ्यावर अशी खूण सहसा नसते.

दुसरा दोष वेळेचा. आरंभी भर उन्हातसुद्धा फोटोला काही मिनिटे लागत. मग चांगली भिंगे आली. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची रीत काढली आणि काम काही सेकंदांवर आले. तरी मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आकडा लावत. गंभीर चेहरा दहा सेकंद धरता येतो. हसू धरता येत नाही. धरलेले हसू चौथ्या सेकंदाला दात विचकण्यासारखे दिसू लागते. ओठ जरासे थरथरले तरी दातांची कड पुसट होते आणि तोंडाच्या जागी नुसता धुरकट पट्टा उमटतो.

पण सगळा दोष वेळेवर ढकलून चालणार नाही. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या आणि फोटो क्षणार्धात निघू लागला. तरीही लोक हसत नव्हते. कारण फोटो ही चित्राची धाकटी बहीण होती आणि राजेरजवाड्यांच्या तैलचित्रांत दात दाखवण्याची रीत नव्हती. पॅरिसमध्ये १७८७ साली विजे ल ब्रन या चित्रकर्तीने स्वतःच्या चित्रात ओठ किंचित विलग करून दात दाखवले, तर तेवढ्यावरून गहजब झाला होता. आपल्याकडे दहा जणांत दात काढणे म्हणजे पोरकटपणा. फोटो तर आयुष्यात एकदा-दोनदा निघायचा आणि तो पुढे भिंतीवर हार घालण्यासाठीच उपयोगी पडायचा. अशा प्रसंगी कोण हसेल? तेव्हा मिटलेल्या ओठांवरून आतल्या दातांविषयी काहीच सिद्ध होत नाही. मुका साक्षीदार म्हणजे गुन्हेगार नव्हे.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. जुन्या काचा रंगांच्या बाबतीत अर्ध्या आंधळ्या होत्या. त्यांच्यावरच्या लेपाला निळा आणि जांभळा प्रकाश तेवढा दिसे. पिवळा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून निळे आकाश पांढरेफटक येई आणि भगवे निशाण काळे पडे. आपल्या घरच्या जुन्या फोटोंतले कुंकू पाहा. ते काळे दिसते. पणजीने काळी टिकली लावली होती असे त्यावरून कोणी म्हणत नाही, कारण कुंकू तांबडे असते हे आपल्याला आधीच माहीत आहे. पण दातांच्या बाबतीत अशी पूर्वीची माहिती नसते, म्हणून आपण फोटोवर विश्वास ठेवतो. निरोगी दातसुद्धा कागदासारखा पांढरा नसतो. त्यात पिवळसर झाक असतेच, आणि वय वाढते तशी ती वाढते. ती झाक या काचांवर काळपट होऊन उतरे. पान खाऊन रंगलेले तोंड तर कोळशासारखे दिसे. बर्लिनच्या हेर्मान फोगेल याने १८७३ साली लेपात रंग मिसळून हा आंधळेपणा कमी करण्याची युक्ती शोधली. त्यातून हिरवा-पिवळा दिसू लागला. तांबड्यासह सगळे रंग टिपणाऱ्या काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, आणि सर्वसाधारण स्टुडिओंत त्या पोचायला आणखी काळ गेला. म्हणजे भिंतीवरच्या कितीतरी फोटोंमध्ये दातांचा रंग हा दातांचा नसून काचेचा आहे.

येथे आपल्या प्रांताचा एक खास पेच उभा राहतो. पूर्वी मराठी घरांतल्या सवाष्ण बायका दातवण लावत. हिरडा, मायफळ, हिराकस अशा वस्तूंची ती काळी पूड असे. हैदराबादकडे आणि उत्तरेत तिला मिस्सी म्हणत. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार आणि मायफळात तुरट द्रव्य. दोन्ही एकत्र आली की काळा रंग धरतो. दौतीतली जुनी शाई याच रसायनाने होत असे. दात काळे असणे हे तेव्हा किडीचे नव्हे, सौभाग्याचे आणि सौंदर्याचे लक्षण होते. ही काही आपलीच तऱ्हा नाही. जपानात उच्च कुळातल्या आणि विवाहित स्त्रिया लोह व मायफळाच्याच मिश्रणाने दात काळे करत. तेथल्या सरकारने १८७० साली सरदार घराण्यांना ही चाल बंद करायला लावली आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांपुढे आली. तीन वर्षांत एका देशाच्या दरबारात सुंदर दाताचा रंग बदलला.

तेव्हा जुन्या फोटोत एखाद्या बाईच्या ओठांआड काळे दिसले, तर त्याची निदान चार कारणे संभवतात. दात पडलेला असेल; पानाने रंगलेला असेल; दातवणाने मुद्दाम काळा केलेला असेल; किंवा दात चांगला असून काचेनेच तो काळा केला असेल. पहिले दुर्दैव, दुसरी सवय, तिसरा शृंगार आणि चौथी यंत्राची मर्यादा. फोटो या चौघांत फरक करू शकत नाही. 'किडून काळे झाले होते' असे लिहिणारा विद्यार्थी चारांतले एकच कारण धरतो, आणि कदाचित एका नटलेल्या बाईला रोगी ठरवतो.

आता साक्षीदाराला पढवणाऱ्यांकडे वळू. फोटो येऊन फार वर्षे झाली नव्हती तोच त्याला सजवण्याची विद्या निघाली. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या हानफ्स्टेंगल याने दुरुस्त केलेली निगेटिव्ह आणि तिच्यावरून काढलेले आधीचे-नंतरचे फोटो मांडले आणि लोक थक्क झाले. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रणाची संस्था निघाली होती, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे वैद्य तिच्या सभासदांत होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. त्याच मुंबईतल्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली शहरातल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यांतली पुष्कळशी माणसे एकीकडे टिपलेली आणि त्यांच्या मागची दृश्ये दुसरीकडची, दोन्ही जोडून एक केलेली! आणि हे पुस्तक लोकजीवनाचा अस्सल पुरावा म्हणून वाचले गेले.

इंदूरचे नाव येथे घ्यायलाच हवे. सरधन्याला १८४४ मध्ये जन्मलेले दीनदयाळ रुडकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला आले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर त्यांचे आश्रयदाते होते. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि राजा दीनदयाळ म्हणून ख्यातनाम झाले. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपवला. त्या काळच्या एखाद्या घरंदाज बाईचा फोटो पाहताना ध्यानात ठेवायचे ते हे की, तेथे प्रकाश, बैठक, पडदा, पोशाख, सगळे आधी ठरलेले असे. बाई घरात कशी दिसे हे त्यावरून कळत नाही; तिने जगाला कसे दिसावे असे घराला वाटे, ते कळते. इतिहासाला याही माहितीचे मोल आहे, फक्त ती कोणती माहिती आहे हे ओळखले पाहिजे.

निगेटिव्हवर पेन्सिल चालवण्याची कला आपल्या गावोगावच्या स्टुडिओंत परवापरवापर्यंत नांदत होती. माझ्या पिढीने ती पाहिली आहे. उजेडाच्या चौकटीवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार शिसपेन्सिलीने बारीक बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे : दात काळे, दातांमधली फट पारदर्शक. त्या पारदर्शक जागेवर शिसे चढवले की कागदावर तेथे पांढरे उमटते. अशा रीतीने पडलेला दात दोन मिनिटांत परत येई, फट बुजे, आणि देवीचे व्रणही नाहीसे होत. लग्नाच्या फोटोला ही सेवा सरसकट मिळे. फोटोवाल्याला कोणी खोटारडा म्हणत नसे. उलट ज्याचा हात चांगला, त्याच्याकडे रांग लागे.

शास्त्रज्ञही या मोहातून सुटले नाहीत. फ्रान्सचा वैद्य द्युशेन याने १८६२ साली चेहऱ्यावरच्या स्नायूंना विजेचा स्पर्श करून भाव उमटवले आणि त्यांचे फोटो छापले. त्याचा मुख्य नमुना होता एक बोळक्या तोंडाचा म्हातारा. दात नसलेल्या त्या चेहऱ्यावरून द्युशेनने सिद्ध केले की खरे हसू दातांत नसून डोळ्यांभोवतीच्या स्नायूत असते. नुसत्या ओठांचे हसू हे खोटे. दातांच्या सौंदर्यावर एवढे मार्मिक भाष्य एका बोळक्या म्हाताऱ्याने करावे, ही गंमतच. डार्विनने १८७२ च्या भावविषयक ग्रंथात हे फोटो वापरले. पण भयाच्या एका चित्राचे लाकडी ठसे करताना विजेची उपकरणे वगळायला लावली. त्याच ग्रंथात गाजलेला रडक्या बाळाचा 'फोटो' तर मूळ फोटोवरून हाताने काढलेल्या चित्राचा फोटो होता. डार्विनसारख्या सत्यनिष्ठाच्या पुस्तकात हे घडते, मग गल्लीतल्या स्टुडिओची काय कथा!

विसाव्या शतकात प्रश्नाने वेगळे वळण घेतले. तोवर फोटो दात कसे आहेत ते सांगत होता. आता तो दात कसे असावेत ते सांगू लागला. अमेरिकेचे एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वेड्यावाकड्या दातांचे वर्गीकरण केले. ते आजही शिकवले जाते. सुंदर चेहरा कोणता या प्रश्नावर अँगल यांच्यासमोर आदर्श होता तो अपोलोच्या प्राचीन पुतळ्याचा. त्यांचे मित्र आणि चित्रकार वुएर्पेल यांनी मात्र त्यांना सांगितले की सगळ्या माणसांना एकच साचा लावता येणार नाही. प्रत्येक चेहऱ्याचा मेळ त्याच्या त्याच्या जातकुळीचा असतो. चित्रकाराने वैद्याला दिलेला हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो. ज्याने आयुष्यभर चेहरे रंगवले, त्याला ठाऊक होते की सौंदर्य मोजपट्टीत मावत नाही.

तरीही मोजपट्टी आली, आणि ती फोटोंचीच आली. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या इव्हान्स आणि शॉ या संशोधकांनी दातांचे दहा फोटो निवडून ओळीने मांडले : पहिला सर्वांत देखणा, दहावा सर्वांत कुरूप. ब्रुक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये ही मालिका दातांवरच्या उपचारांची गरज ठरवणाऱ्या निर्देशांकात घेतली. मुलाचे दात पाहायचे, या दहांपैकी कोणत्या फोटोइतके ते आकर्षक वाटतात ते ठरवायचे, आणि तो आकडा लिहायचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत अठरा वर्षांखालच्या मुलाला तारा फुकट लागणार की नाही, हे या निर्देशांकावर ठरते. दातांची प्रकृती फार बिघडलेली असेल तर प्रश्नच नाही. पण मधल्या पायरीवरच्या मुलाचा निकाल या फोटोंच्या मालिकेवर लागतो. आकडा सहा किंवा त्यावर आला तर उपचार, पाच आला तर नाही.

पद्धत सोपी, पण साक्षीदाराचे जुने दोष येथेही आहेतच. दहाही फोटो समोरून घेतलेले. वरचे दात पुढे किती आले आहेत हे समोरून नीट कळत नाही. त्यासाठी बाजूने पाहावे लागते. खालचा जबडा पुढे असलेली आणि पुढचे वरखाली दात एकमेकांना टेकतच नाहीत अशी तोंडे त्या दहांत नाहीतच, असा आक्षेप अभ्यासकांनी वारंवार घेतला आहे. ज्याचा नमुना पट्टीवरच नाही त्याचे माप कसे घ्यायचे? त्यात भर म्हणजे ते फोटो नुसत्या दातांचे. ओठ नाहीत, गाल नाहीत, बोलणे नाही. दात मात्र तोंडात एकटे राहत नाहीत. ते चेहऱ्यात राहतात. सुट्या सुट्या नाकाडोळ्यांवरून मुलगी सुंदर ठरत नाही, हे आपल्या आज्यांना न शिकता कळत होते.

आता हातातल्या मोबाइलकडे येऊ. वीतभर अंतरावरून स्वतःचा फोटो काढला की जे पुढे आहे ते मोठे दिसते. २०१८ साली अमेरिकेतल्या नाकाच्या शस्त्रक्रियेच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ पाच फुटांवरून दिसतो त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. हाच नियम वरच्या पटाशीच्या दातांना लागू आहे. तेही चेहऱ्याच्या पुढच्या अंगालाच असतात. कॅमेरा वरून धरला की वरच्या दातांची ओळ धनुष्यासारखी खाली झुकलेली दिसते. खालून धरला की तीच ओळ सपाट होते. दात तसूभरही हललेले नसतात, हललेला असतो हात.

रंगाचेही तसेच. दातांचा रंग जुळवायला दंतवैद्य ए-१ ते डी-४ अशा सोळा छटांचा संच वापरतात. १९५६ पासून तो प्रचारात आहे. दात लाळेने ओला असतो तेव्हा त्याची छटा एक, तोंड उघडे ठेवून काही मिनिटांत वाळला की दुसरी, अधिक पांढरी. ट्यूबलाइटखाली तिसरी, फ्लॅशखाली चौथी. सावळ्या चेहऱ्यात तोच दात अधिक शुभ्र दिसतो, कारण भोवतालचा रंग गडद. रंगीत फोटो धुण्याची यंत्रे अनेक वर्षे गोऱ्या बाईचा चेहरा छापलेल्या नमुनापत्रावरून जुळवली जात; त्यामुळे सावळी माणसे काळवंडून जात आणि नुसते डोळे आणि दात चमकत. जाहिरातींनी मग या चमकलाच आरोग्य ठरवले. गंमत अशी की ज्या माकडछाप काळ्या पुडीने आपल्या कित्येक पिढ्यांनी दात स्वच्छ ठेवले, ती स्वतः काळी होती!

एवढी उलटतपासणी केल्यावर साक्षीदाराला अगदीच मोडीत काढायचे का? तसे करणे अन्यायाचे होईल. फोटोची एक साक्ष भक्कम असते : एकाच माणसाच्या, एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात घेतलेल्या दोन फोटोंची तुलना. तारा लावण्यापूर्वी आणि नंतर काय बदलले, हे असे फोटो प्रामाणिकपणे सांगतात. म्हणून चांगला दंतवैद्य भिंग, अंतर, प्रकाश आणि बैठक ठरवून घेतो. शेजारी छटेची पट्टी किंवा करडे कार्ड धरतो. आणि फोटोबरोबर दातांचा प्लॅस्टरचा ठसाही ठेवतो. फोटोला रुंदी-उंची असते, ठशाला खोलीही असते.

सार्वजनिक आरोग्यातही त्याचा उपयोग आहे. पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. तेलंगणातला नालगोंडा जिल्हा त्यासाठी सर्वांना ठाऊक आहे. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुन्याने पाणी शुद्ध करण्याची जी पद्धत काढली, तिला 'नालगोंडा पद्धत' असेच नाव पडले. असे डाग मोजताना मूल कोणत्या गावचे हे तपासणाऱ्याला कळले तर त्याचे मन आधीच कलते. फोटोवर गावाचे नाव नसते, म्हणून निवाडा निःपक्षपाती होतो. पण तेथेही नियम लागतो. डीन यांच्या १९४२ च्या पद्धतीत दात वाळवत नाहीत. १९७८ च्या थिलस्ट्रप आणि फेयरस्कोव्ह यांच्या पद्धतीत वाळवून पाहतात. वाळलेल्या दातावर डाग ठळक दिसतात. एकीकडचा ओल्या दाताचा आणि दुसरीकडचा वाळलेल्या दाताचा फोटो शेजारी ठेवून दोन गावांची तुलना केली, तर पाण्यावर विनाकारण आळ येईल. फ्लॅशचा चकाकता ठिपकासुद्धा डागासारखाच दिसतो.

म्हणून मला वाटते, दातांच्या बाबतीत फोटो 'काय बदलले' याची साक्ष चांगली देतो. 'किती सुंदर' याची साक्ष देण्याचा त्याला अधिकार नाही. न्यायालयात साक्षीदाराला आपले मत विचारत नाहीत, त्याने काय पाहिले ते विचारतात. आपण फोटोला नेमके मत विचारतो.

आणि या चुकीच्या प्रश्नाची किंमत कोणीतरी मोजत असते. स्थळ पाहताना मुलीचा फोटो आधी जातो, मुलगी मागाहून. आणि फोटोत दात जरा पुढे दिसले की मुलगी मागाहूनही जात नाही. शाळेच्या वार्षिक फोटोच्या वेळी ओठ घट्ट आवळून, किंवा तोंडापुढे हात धरून उभ्या राहणाऱ्या मुली मी दरवर्षी पाहतो. वर्गात त्याच मुली मोकळेपणी हसत असतात. कॅमेरा दिसला की हसू मिटते. त्यांच्या दातांत काही बिघाड असेलच तर तो दंतवैद्याने आरशात, ठशात आणि प्रत्यक्ष तोंडात पाहून ठरवावा. बेळगावसारख्या ठिकाणी आता दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत. तपासणी काही दूर राहिलेली नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीने वीतभर अंतरावरच्या मोबाइलला आपला न्यायाधीश करू नये, हे तिला घरातल्यांनी आणि आम्ही शिक्षकांनी सांगायला हवे.

राहता राहिले जुने फोटो. त्यांच्याकडे पाहताना पाच प्रश्न विचारावेत. फोटो कोणत्या साली आणि कोणत्या जातीच्या काचेवर किंवा फिल्मवर काढला? चित्र सुलटे आहे की उलटे? त्यावर पेन्सिल किंवा रंग फिरला आहे का? माणूस कोणासाठी आणि कोणत्या निमित्ताने बसला होता? आणि त्या घरात, त्या काळी, सुंदर दात कशाला म्हणत? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे जाणकार देऊ शकेल. पाचव्याचे उत्तर फोटोत कधीच सापडणार नाही; ते एखाद्या वयोवृद्ध आत्या-मावशीच्या बोलण्यात सापडेल. आपल्या आजीच्या पेटीत दातवणाची डबी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. यंदाच्या दिवाळीत सारे घर एकत्र जमेल, फराळाची ताटे फिरतील, तेव्हा तो जुना फोटो भिंतीवरून खाली काढावा, त्यांच्या हाती द्यावा, आणि त्या जे सांगतील ते फोटोच्या पाठीवर साल घालून लिहून ठेवावे. पुढची साक्ष त्या पाठीवरच्या अक्षरांची असेल.